काकूंची खिडकी आणि समोरच्या गच्चीवरचा टॉवर

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी बेडरूमच्या खिडकीला फॉइल लावलंय हे मला खालून दिसलं, सकाळी कॉलेजला निघताना. चपात्या गुंडाळतो ना तेच ॲल्युमिनियम फॉइल, काचेला आतून चिकटपट्टीने लावलेलं, आणि सकाळच्या उन्हात ते इतकं चमकत होतं की रस्त्याने जाणारी माणसं पण वर बघत होती. तिसरी केमो होऊन तेव्हा त्यांना आठ दिवस झाले होते. खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे, २०१९ च्या दिवाळीच्या आसपास आला, आणि २०२१ च्या मार्चमध्ये काकूंना स्तनात गाठ लागली हाताला. मधे दीड वर्ष. काकूंच्या डोक्यात हे दोन प्रसंग एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. त्यामुळे आमच्या सोसायटीत टॉवरचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि टॉवर आला त्या वर्षीच्या जनरल बॉडीत मी उभं राहून सांगितलं होतं की हे नॉन-आयोनायझिंग रेडिएशन असतं, एक्स-रेसारखं नसतं, काही होत नाही, घाबरू नका. दोन मिनिटांत संपवलं. तेव्हा कोणी काही बोललं नाही पण दीड वर्षाने काकू आजारी पडल्यावर त्यांच्या सुनेने मला जिन्यात थांबवून विचारलं, "ताई, तुम्ही काही होत नाही म्हणाला होतात ना?" त्यावर मी काय बोलले ते मला आठवत पण नाही. हे सगळं लिहायचं कारण तेच आहे, की त्या दिवशी मी जे दोन मिनिटांत संपवलं ते नीट, पूर्ण, वेळ घेऊन सांगायला हवं होतं, आणि नुसतं सांगण्यापलीकडेही काही करायला हवं होतं.

आधी एक गोष्ट सांगते. आम्ही डोंबिवलीत राहतो, एमआयडीसीच्या निवासी भागात. बाहेरच्यांना वाटतं की लोक उगाच कशालाही घाबरतात, अडाणी असतात, व्हॉट्सॲपवर काहीही वाचतात. पण इथे जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडलेला आम्ही बघितलाय, २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झालेला बघितलाय, मे २०१६ च्या स्फोटात लांब लांबच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. रात्री अकरानंतर केमिकलचा वास सुटतो तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतो आणि सकाळी कोणी ना कोणी सांगतं की काळजीचं कारण नाही. ज्या गावाला "काळजीचं कारण नाही" हे इतक्यांदा ऐकवलं गेलंय त्या गावातली बाई समोरच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या डब्यांकडे संशयाने बघणारच. तिला संशय घ्यायला तिच्या अनुभवाने शिकवलंय. हे मला त्या मीटिंगमध्ये सुचलं नाही.

आता फिजिक्स. रेडिओलहरी आणि एक्स-रे दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच, पण एक्स-रेच्या एकेका फोटॉनमध्ये, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या एकेका पुडीत, एवढी एनर्जी असते की तो अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतो, डीएनएचे बंध तोडू शकतो. मोबाईलच्या लहरींच्या फोटॉनमध्ये ती ताकद नसते, साध्या ट्यूबलाइटच्या उजेडाचा फोटॉन पण त्याच्यापेक्षा लाखो पटींनी जास्त एनर्जीचा असतो. मग या लहरी करतात काय तर गरम करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये हेच होतं, फक्त तिथे सातशे-आठशे वॅट एका बंद डब्यात कोंडलेले असतात. म्हणून सगळे नियम कशावर बेतलेत तर शरीर किती तापेल यावर. पूर्ण शरीरात किलोमागे ४ वॅट एवढी ऊर्जा शोषली गेली की तापमान साधारण एक डिग्री चढायला लागतं, तिथे धोका सुरू होतो असं धरतात आणि सामान्य लोकांसाठी त्याच्या पन्नासाव्या हिश्शावर, म्हणजे ०.०८ वर मर्यादा ठेवतात. त्यावरून मग हवेत किती चालेल ते काढतात, ९०० मेगाहर्ट्झला, म्हणजे मोबाईलच्या एका नेहमीच्या फ्रिक्वेन्सीला, ती आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे चौरस मीटरला ४.५ वॅट. आपल्याकडे २०१० च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईचे प्रोफेसर गिरीश कुमार यांनी दूरसंचार विभागाला टॉवरच्या रेडिएशनवर मोठा रिपोर्ट दिला होता, त्याच सुमारास केंद्राची आंतरमंत्रालयीन समिती पण बसली होती, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने ही मर्यादा दहा पटीने खाली आणली, ०.४५ वॅट. म्हणजे जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा आपला कागदावरचा नियम कडक आहे. कागदावरचा म्हणतेय कारण तो पाळला जातो की नाही हे काकूंना कसं कळणार, तो मुद्दा पुढे येतोच.

मी एका रात्री वहीत हिशेब मांडला. अँटेनाला एका कॅरियरमागे, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीच्या चॅनलमागे, साधारण २० वॅट पॉवर, अँटेना ती चहूकडे न पसरवता एका दिशेला एकवटते साधारण पन्नास पट, म्हणजे त्या दिशेला हजार वॅटचा दिवा असल्यासारखं. टॉवर आणि आमच्या बिल्डिंगमधलं अंतर ५० मीटर धरलं तर त्या अंतराच्या गोलावर हजार वॅट पसरले की चौरस मीटरला येतात ०.०३ वॅट. हे झोताच्या बरोबर मधोमध उभं राहिलं तर. सहा कॅरियर एकदम पूर्ण ताकदीने चालू धरले तरी ०.१९, म्हणजे तरीसुद्धा आपल्या कडक मर्यादेच्या निम्म्याहून कमी. आणि अंतर दुप्पट केलं की हे चौथ्या हिश्शावर येतं, शंभर मीटरवरच्या माणसाला पन्नास मीटरवाल्याच्या पाव भाग.

यात एक गंमत नाही पण एक अन्याय लपलाय तो सांगते. अँटेनाचा झोत आडवा, समोर जातो, किंचित खाली कललेला. म्हणजे ज्या गच्चीवर टॉवर आहे त्या बिल्डिंगमध्ये, बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये रेडिएशन फार कमी असतं, अक्षरशः दिव्याखाली अंधार. आणि समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांना झोत लागतो. टॉवरचं भाडं मात्र मिळतं त्या बिल्डिंगला. त्यांचा मेंटेनन्स कमी झाला, त्यांनी लिफ्ट नवीन केली, आणि आम्हाला विचारलं पण नाही कोणी, एक चिठ्ठी नाही, एक बोर्ड नाही, एका रविवारी क्रेन आली आणि संध्याकाळपर्यंत डबे बसले पण. लोक "रेडिएशन रेडिएशन" म्हणून ओरडतात तेव्हा त्यातला अर्धा राग हा असतो असं मला आता वाटतं, की तुम्ही माझ्या खिडकीसमोर काहीतरी लावता आणि मला विचारत नाही. या रागाला "नॉन-आयोनायझिंग आहे हो" हे उत्तर होऊ शकत नाही.

बरं, मग कॅन्सरचं काय. "डब्ल्यूएचओनेच म्हटलंय" हे वाक्य सगळीकडे फिरतं, ते कुठून आलं तर २०११ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या ल्योंला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रेडिओलहरींना टू-बी गटात टाकलं, म्हणजे "कदाचित कॅन्सरकारक असू शकेल". हे खरंय. पण त्या गटात काय काय असतं ते कोणी सांगत नाही, आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्या त्यात आहेत, कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. या गटाचा अर्थ एवढाच की संशयाला थोडी जागा आहे, पुरावा तोकडा आहे. आणि ती जागा पण टॉवरमुळे आली नव्हती, ती मुख्यतः कानाला लावलेल्या फोनमुळे आली होती. १३ देशांचा इंटरफोन नावाचा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहा टक्के लोकांमध्ये, म्हणजे रोज अर्धा तास असं जवळजवळ दहा वर्षं बोललेल्यांमध्ये, मेंदूच्या ग्लायोमा नावाच्या ट्यूमरचं प्रमाण ४० टक्के जास्त दिसलं. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्याच अभ्यासात बाकीच्या फोन वापरणाऱ्यांमध्ये ते फोन न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं, म्हणजे फोनने ट्यूमरपासून संरक्षण मिळतं असं म्हणायची वेळ आली, आणि ते तर शक्य नाही. मग लक्षात येतं की आजारी माणसाला "दहा वर्षांपूर्वी किती बोलायचास, कुठल्या कानाने" असं विचारलं की तो आठवून आठवून जास्तच सांगतो, कारण त्याला पण कारण हवंच असतं.

हे वाचताना मला काकूच आठवत होत्या. त्यांनाही कारण हवं होतं.

उंदरांवरचा अमेरिकेतला मोठा प्रयोग पण लोक पुढे करतात, २०१८ मध्ये रिपोर्ट आला, नर उंदरांच्या हृदयात एका प्रकारचे ट्यूमर वाढलेले दिसले. मी तो हलक्यात घेत नाही. पण त्या उंदरांना आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षं, रोज नऊ तास, पूर्ण शरीरावर, आपल्या घरात मिळतं त्याच्याशी तुलनाच होणार नाही इतका डोस दिला होता, आणि तो डोस मिळालेले नर उंदीर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले हे पण त्याच रिपोर्टमध्ये आहे. त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पावणेआठ लाख बायकांचा अभ्यास आला, फोन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्यांमध्ये मेंदूच्या ट्यूमरचं प्रमाण सारखंच. २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने करवून घेतलेला आढावा आला, १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास एकत्र बघितले, दहा वर्षांहून जास्त फोन वापरणाऱ्यांत पण धोका वाढलेला दिसला नाही. कोट्यवधी लोकांनी तीस वर्षं फोन कानाला लावूनही मेंदूच्या ट्यूमरच्या आकड्यांमध्ये त्याच्या मापाची उडी दिसत नाहीये. माझं मत विचाराल तर समोरच्या टॉवरने काकूंना कॅन्सर झालेला नाही. स्तनाची गाठ हाताला लागेपर्यंत साधारणपणे आत बरीच वर्षं गेलेली असतात, टॉवर येऊन दीडच वर्ष झालं होतं. हे मी ठामपणे म्हणते. पण हे त्यांना सांगायची पद्धत मला माहीत नव्हती, अजूनही पूर्ण माहीत नाही.

आमच्या दोन बिल्डिंगमध्ये मिळून दहा वर्षांत चार जणांना कॅन्सर झाला, हे पण लोक टॉवरच्या खात्यावर टाकतात. चारपैकी दोन टॉवरच्या आधीचे आहेत. आणि आपल्या देशात दर नऊ माणसांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो असा राष्ट्रीय नोंदणीवरून काढलेला अंदाज आहे. शंभर-सव्वाशे माणसांच्या वस्तीत असे आकडे नुसत्या योगायोगानेही पडू शकतात. आपण ते मोजत नसतो, टॉवर आल्यावर मोजायला लागतो. खरं तर हवेचं प्रदूषण २०१३ पासून त्याच ल्योंच्या संस्थेच्या पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी, "कदाचित" वगैरे काही नाही, थेट कॅन्सरकारक. तो रात्री अकराचा वास. त्यावर सह्यांची मोहीम मात्र आमच्याकडे दोनदा सुरू होऊन दोनदा विझली, आणि टॉवरविरोधी अर्जावर एका दिवसात नव्वद सह्या आल्या. टॉवर दिसतो ना, बोट दाखवता येतं.

आणि कोरोनात तर कहरच झाला होता. मे २०२१ मध्ये, काकूंच्या केमो चालू असतानाच, मेसेज फिरत होता की दुसरी लाट म्हणजे फाइव्ह-जीच्या चाचणीचे बळी आहेत. देशात फाइव्ह-जीचं जाळं तेव्हा कुठेच नव्हतं, चाचण्यांची नुसती परवानगी त्याच महिन्यात मिळाली होती, सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. दूरसंचार विभागाला खुलासा काढावा लागला. जूनमध्ये जुही चावलांची फाइव्ह-जीविरुद्धची केस दिल्ली हायकोर्टाने वीस लाखांचा दंड लावून फेटाळली, पुढच्या जानेवारीत तो दोन लाखांवर आणला. दुसरीकडे २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कॅन्सर झालेल्या घरकाम करणाऱ्या माणसाच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने तिथला टॉवर बंद करायला सांगितला होता. सामान्य माणसाने यातून नक्की काय समजायचं? एक कोर्ट टॉवर बंद करतं, एक कोर्ट दंड लावतं, मंत्रालय म्हणतं सुरक्षित आहे, शेजारीण म्हणते माझ्या भावाला झालं.

फॉइल बघितलं त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्यांनी पलंग पण हॉलमध्ये हलवला होता. फॉइलने लहरी अडतात हे खरंच आहे, धातू परावर्तन करतो, त्यात काकू चुकल्या नव्हत्या. पण त्या बोलता बोलता मधेच म्हणाल्या, "अगं हल्ली पुण्याला फोनच नीट लागत नाही, फार कट होतं, आणि फोन किती गरम होतो." मुलगी पुण्याला असते, तिच्याशी त्या रोज तासभर बोलतात, फोन कानाला दाबून. तेव्हा मी त्यांना समजावलं की फोन पण रेडिओच आहे, तो टॉवरशी बोलतो, टॉवर जवळ आणि स्पष्ट असेल तर हळू आवाजात बोलतो आणि टॉवर नीट "ऐकू" आला नाही तर ओरडतो, म्हणजे स्वतःची पॉवर वाढवतो, आणि तो ओरडतो तुमच्या कानाला टेकून. टॉवरकडून खिडकीतून जे येतं त्याच्यापेक्षा डोक्याला स्वतःच्या फोनकडून कितीतरी पट जास्त मिळतं. फॉइल लावून आपण लांबचं कमी केलं आणि जवळचं वाढवलं. त्यापेक्षा स्पीकरवर बोला, नाहीतर वायरचे इअरफोन लावा, झोपताना उशीखाली फोन नको. काकूंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस ते असेल. पण मला ते मोजून दाखव."

मोजून दाखव. मला खरंच तोपर्यंत हे सुचलं नव्हतं, प्रयोगशाळेत मुलांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलेय तरी.

दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे २०१७ पासून. त्यावर आपल्या जवळचे टॉवर दिसतात, नियमात आहेत की नाही ते फुकट कळतं, आणि चार हजार रुपये भरले तर आपण सांगू त्या जागी येऊन मोजतात. सोसायटीच्या फंडातून द्यायला कमिटी तयार होईना, म्हणून आम्ही आठ घरांनी पाचशे-पाचशे काढले. बरेच दिवस गेले, दोन-तीनदा फोन करावे लागले, पण आले. तिपाई, त्यावर मीटर. काकूंनी स्वतः फॉइल सोडवलं, खिडकी सताड उघडली आणि डोक्याचा स्कार्फ सावरत शेवटपर्यंत त्या मीटरच्या बाजूला उभ्या राहिल्या. बेडरूममध्ये, गॅलरीत, गच्चीवर, सगळीकडे मोजलं. गच्चीवर जास्त होतं, काकूंच्या बेडरूममध्ये मर्यादेच्या एका टक्क्याच्याही खाली, माझ्या वहीतल्या हिशेबापेक्षा पण बरंच कमी, कारण त्यांची खिडकी झोताच्या मधोमध येतच नाही आणि सगळे कॅरियर सतत पूर्ण ताकदीने चालत पण नाहीत. मोजायला आलेल्या माणसाने घाई केली नाही, काकूंनी विचारलं तेवढ्या वेळा आकडा वाचून दाखवला.

ते गेल्यावर काकू खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग मला का झालं गं?"

मी फिजिक्सची बाई. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले, बराच वेळ, सूनबाई पण येऊन बसली. टॉवर होता तोपर्यंत निदान दोष द्यायला काहीतरी होतं समोर, ते पण आम्ही मोजून काढून घेतलं की काय असं मला त्या वेळी वाटलं, आणि ते मी अजून विसरले नाहीये.

काकू आता बऱ्या आहेत, दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात. रिपोर्टचा प्रिंट त्यांनी हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ठेवलाय, बायोप्सीच्या कागदांच्या मागे. फॉइल परत लावलं नाही, पण पलंग हॉलमध्येच आहे.

गेल्या महिन्यात समोर परत क्रेन आली, फाइव्ह-जीचे नवीन पॅनल बसले, परत कोणी विचारलं नाही. ३.५ गिगाहर्ट्झ, आपल्याकडे मर्यादा चौरस मीटरला १ वॅट. या वेळी मी आधी मीटिंग मागितली, फळ्यावर हिशेब मांडला, तासभर प्रश्न घेतले, आणि ज्यांना विचारता आलं नाही त्यांनी घरी यावं म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी समोरच्या सोसायटीला लेखी पत्र दिलं, की पुढचं काहीही बसवायच्या आधी आम्हाला कळवा आणि मोजणीचा रिपोर्ट दोन्ही बिल्डिंगच्या बोर्डावर लावा. परत मोजून घ्यायचं ठरलंय. या वेळी अकरा घरं आहेत, प्रत्येकी चारशेच्याही आत येतायत. काकूंनी त्यांचे सगळ्यात आधी आणून दिले, आणि सांगून गेल्या की मोजायला येतील तेव्हा त्यांच्याकडेच आधी पाठव.